फाटकावरचा कॅमेरा

नरडाणा
३ जून १९९९

चि. रत्नमाला,

माझ्या वैजूच्या लग्नाला चार आठवडे होत आले. मांडव गेला, पाहुणे गेले, उसनी आणलेली भांडी ज्याची त्याला पोचली. गावात बोलायला आता एकच विषय उरला आहे, तो म्हणजे तुझा बाप.

मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे मामा उभा राहतो. वैजूला सख्खा मामा एकच, माझा भाऊ हिलाल, म्हणजे तुझा बाप. त्याच्या जागी चिंधा उभा राहिला, ह्यांचा चुलतभाऊ. तू वैजूच्या शेजारीच होतीस, तूही पाहिलेस. शेजारची तानुबाई विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "भागा, तुन्हा घर काकाना मामा व्हयना! आनि भाऊ फोटोवाला, तोच फोटोमा नही!" मी हसून घागर उचलली.

भाऊने मला आधीच सांगितले होते की, सकाळी दोंडाईच्याला एका लग्नाचे फोटो आहेत, वर्षभर आधी शब्द दिला आहे, ते आटोपून पॅसेंजरने मुहूर्ताच्या आत पोचतो. मी म्हटले, पोचशील ना? म्हणाला, पोचतो. मग लग्न लागले, आणि तो मला दिसला तो जेवणाच्या वेळी. पिवळी साडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "उशीर झाला, भागा." बस्स, एवढेच. ह्यांनी सांगितले की पंगत बसली तेव्हा तो फाटकात आला, मग त्यांनीच टॉवेल-टोपी देऊन त्याचा मान केला.

उशीर उशिरात फरक असतो. पाच मिनिटांचा उशीर मी पोटात घालीन. पण परक्याच्या मांडवात वराती मोजत बसला असेल, तर मला ते कळायला हवे.

तू ज्यांच्या दुकानात काम करतेस त्या लीलाधरनानांनी दोन कॅमेऱ्यांनी शूटिंग केले. कॅसेटवर कोपऱ्यात वेळ येते असे तूच मागे म्हणाली होतीस. तेव्हा बघ, आणि तुझा बाप किती वाजता आला ते मला लिहून कळव. त्याला विचारू नको. तू खोटे लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून तुलाच लिहिते.

तुझी फुई
भागाबाई


जळगाव
९ जून १९९९

ती. फुईस,

तुझे पत्र मिळून चार दिवस झाले. लगेच उत्तर लिहिले नाही कारण कॅसेट दोनदा पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

तुझ्या लग्नघराच्या एकूण पाच कॅसेट आहेत. कॅमेरा नंबर एक स्वतः लीलाधरनानांकडे होता, तो स्टेजवर. कॅमेरा नंबर दोन आमच्या दुकानातल्या जीवरामदादांकडे होता. त्यांनी तो मांडवाच्या फाटकाशी स्टँडवर लावला आणि चालू ठेवून ते चहा घ्यायला गेले. त्यामुळे फाटकातून कोण आले, कोण गेले ते सगळे त्यात आहे. दोन्ही कॅमेऱ्यांच्या चित्रात खाली उजव्या कोपऱ्यात वेळ आहे.

तू विचारलेस म्हणून वहीत टिपून घेतले ते तसेच लिहिते.

स्टेजवरच्या कॅमेऱ्यात शेवटचे 'सावधान' होऊन अंतरपाट खाली गेला, तेव्हा बारा अडतीस.

फाटकाच्या कॅमेऱ्यात आबा पहिल्यांदा दिसतात, तेव्हा बारा बावन्न. गळ्यात त्यांचा कॅमेरा, काखेत साडीची पिशवी, डोक्यावर टोपी, खांद्यावर लाल काठाचा टॉवेल. खांबाला टेकून उभे आहेत.

म्हणजे चौदा मिनिटांचा उशीर. फुवांनी तुला सांगितले ते बरोबर आहे.

फुई, हे लिहायला मला फार जड गेले. आबांची मुलगी म्हणून काही वेगळे लिहावे असे एकदा मनात आले. पण शाळेत जायच्याही आधी आबांनी मला डार्करूमच्या लाल दिव्यात बसवून जे शिकवले ते हेच, की फोटोत जेवढे आहे तेवढेच सांगायचे. तुलाही पाटीवर अक्षरे त्यांनीच शिकवली असे तू सांगतेस. तेव्हा दोघींनाही दुसरे काही जमणार नाही.

चौदा मिनिटे फार आहेत की थोडी, ते तू ठरव.

तुझी
रत्नमाला


नरडाणा
२० जून १९९९

चि. रत्नमाला,

पत्र मिळाले. खरे लिहिलेस, बरे केलेस.

पिवळी साडी मी शिंदखेड्याला भावाकडे परत पाठवली. शिंदखेड्याला बाजाराला जाणाऱ्या एका बाईच्या हाती दिली, सोबत चिठ्ठी नाही. तिने येऊन सांगितले, भाऊने पिशवी घेतली, पाणी विचारले, दुसरे काही बोलला नाही.

बोलायला काही असते तर बोलला असता.

वैजूची कॅसेट तयार झाली की कळव. घाई नाही.

फुई


जळगाव
२८ सप्टेंबर १९९९

ती. आबांस,

तुम्हाला पत्र लिहायला तीन महिने लागले. राखीला घरी आले तेव्हा तुमच्या मनगटावर फुईची राखी नव्हती, आणि तुम्ही सबंध दिवस पूर्ण बाह्यांचा सदरा घालून होतात. मी विचारले नाही. कारण मला माहीत होते, आणि कारण मीच होते. जूनमध्ये फुईने विचारले म्हणून मी कॅसेटवरची वेळ तिला लिहून कळवली होती. तुम्ही चौदा मिनिटे उशिरा आलात असे लिहिले होते.

ते चूक आहे. मला ते परवा कळले.

नानांनी जुलैमध्ये इंदूरहून कॉम्प्युटर आणला हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी दोन व्हीसीआर जोडून एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचो, एक जोड चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आता चित्र आत भरले की पडद्यावर लांब पट्टी दिसते. नाना तिला टाइमलाइन म्हणतात. स्टेजची पट्टी वर, फाटकाची पट्टी खाली, आणि मधूनमधून खालचा तुकडा उचलून वर लावायचा. आत जागा मात्र फार थोडी. अठरा मिनिटे भरली की पेटी भरते. तेवढे आधी पुरे करायचे, कॅसेटवर काढायचे, मग पुढचे भरायचे. त्यात दिवसाला चार तास वीज नसते. म्हणून वैजूच्या लग्नाला सप्टेंबर उजाडला.

दोन पट्ट्या एकमेकींखाली लावताना मी कोपऱ्यातली वेळ धरून लावल्या. बारा अडतीसखाली बारा अडतीस. ऐकले तर वर भटजींचे 'सावधान' आणि खाली कोणीतरी बैलाला ओरडते आहे. दोन्ही कॅमेरे एकाच मांडवात, लाऊडस्पीकर एक, आणि आवाज जुळेना. मला वाटले मीच काही तरी बिघडवले. नाना म्हणाले, "अगं, घड्याळावर कसली लावतेस? आवाजावर लाव. घड्याळ माणूस लावतो, ताशा कोणी लावत नाही."

शेवटचे 'सावधान' झाले की ताशा कडाडतो. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते, तिथे एकदम डोंगर उभा राहतो. वरचा डोंगर आणि खालचा डोंगर समोरासमोर आणले, आणि सगळे जुळले. वर भटजी, खालीही भटजी. तेव्हा खालच्या चित्रात वेळ होती एक वाजून तीन मिनिटे.

फाटकाचा कॅमेरा पंचवीस मिनिटे पुढे होता, आबा.

मी जीवरामदादांना विचारले. ते तंबाखू मळत होते. हातावरचे घड्याळ दाखवून म्हणाले, "मी बठ्ठा घड्याळे पंचवीस मिनिट पुढे ठेवस. मनी गाडी कधी चुकनी नही." कॅमेऱ्याचे घड्याळही त्यांनी मनगटावर बघूनच लावले होते. दुकानातले सगळे त्यांना यावरून चिडवतात. मीही चिडवते. आणि मला ते तेव्हा आठवले नाही.

दुसरी चूक त्याहून वाईट. जूनमध्ये मी कॅसेट पुढे पळवत पाहिली. पळवताना आवाज येत नाही. तुम्ही दिसलात तिथे थांबवली, वेळ टिपली आणि बंद केली. दुसऱ्यांदाही तेवढेच केले. दोन मिनिटे पुढे साध्या वेगाने पाहिले असते तर मंगलाष्टके सुरू होताना ऐकू आली असती.

परवा मी पुढचे पाहिले. लग्न लागायच्या अकरा मिनिटे आधी तुम्ही फाटकात आहात. प्रत्येक 'सावधान'ला तुम्ही अक्षता टाकता. स्टेज तिथून लांब आहे. अक्षता समोरच्या माणसाच्या पाठीवर पडतात, तो एकदा मागे वळून बघतो. साडीची पिशवी पडू नये म्हणून तुम्ही डाव्या काखेत घट्ट धरली आहे. गळ्यात कॅमेरा आहे आणि तुम्ही एकही फोटो काढलेला नाही.

तुम्ही वर का गेला नाहीत? आणि फुईला 'उशीर झाला' असे का सांगितलेत?

तुमचे उत्तर आले की फुईला लिहिणार आहे. आधी तुम्हाला लिहिले, कारण चूक तुमच्याबाबतीत झाली.

तुमची
रत्नमाला


शिंदखेडा
४ ऑक्टोबर १९९९

चि. रत्नमाला,

तुझे पत्र दुकानात मिळाले, दुकानातच वाचले. घरी नेले नाही.

घड्याळाचे कळले. तू मुद्दाम काही केले नव्हतेस हे मला आधीही माहीत होते. उगीच जेवण सोडून बसू नको. तुला ती सवय आहे.

वर का गेलो नाही, तर चिंधा उभा राहिला होता. मी गेलो असतो तर त्याला भरल्या मांडवातून खाली उतरावे लागले असते. व्याही पुढच्या रांगेत बसलेले. नवरी बघायची सोडून लोक तेच बघत बसले असते. अक्षता कुठूनही टाकता येतात.

आता माझे ऐक. भागाला लिहू नको. आणि फाटकाचा तो तुकडा कॅसेटमध्ये घेऊ नको. नवरानवरी घे, मांडव घे, पंगत घे, लोकांना तेवढेच हवे असते. फोटोत आहे तेवढेच सांगायचे हे मी तुला शिकवले. पण घेतलेल्या छत्तीस फोटोंपैकी कोणते छापायचे हेही फोटोग्राफरच ठरवतो, ते शिकवायचे राहिले असे दिसते.

भागा माझ्यावर रागावली आहे ती रागावू दे. भावावरचा राग बाईला परवडतो. तिला त्या घरात राहायचे आहे.

हे पत्र फाडून टाक.

साडी तुझ्या आईने कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे.

आबा


जळगाव
१७ ऑक्टोबर १९९९

ती. फुईस,

या पत्राबरोबर वैजूच्या लग्नाची कॅसेट नानांच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते आहे. तीन तासांची आहे. दुसरी प्रत वैजूच्या सासरी जायची आहे, ती अजून काढलेली नाही. तू ही बघून कळवलेस की काढेन. असे का, ते खाली लिहिते.

जूनमध्ये मी तुला लिहिले ते चुकीचे होते. आबा चौदा मिनिटे उशिरा आले नव्हते, लग्न लागायच्या अकरा मिनिटे आधी आले होते. फाटकाच्या कॅमेऱ्याचे घड्याळ पंचवीस मिनिटे पुढे होते. यात कोणते घड्याळ खरे हा वादही उरत नाही, कारण मी आता आवाज जुळवून पाहिला आहे. फाटकाच्या चित्रात आधी आबा येतात आणि त्यानंतर भटजी पहिले मंगलाष्टक म्हणतात. तूही ऐकशील.

हे मी जूनमध्येच बघायला हवे होते. तू मला खोटे लिहिणार नाही म्हणून विचारलेस आणि मी खोटे लिहिले. माहीत नसताना लिहिले म्हणून ते खरे होत नाही.

आबांना विचारले. त्यांनी तुला लिहू नको म्हटले आहे, आणि तो तुकडा घेऊ नको असेही. का, ते मला नीट कळले नाही. चिंधाकाकांना खाली उतरावे लागले असते म्हणून ते वर गेले नाहीत, एवढे मला समजते. पण आता पाच महिने होऊन गेले, चिंधाकाका उतरून घरी गेले. तरी ते नको म्हणतात. मी आजपर्यंत आबांचे न ऐकता काही केलेले नाही. हे करते आहे. रोज सकाळी उठल्यावर पहिले तेच आठवते.

आमच्या दुकानात एक नियम आहे, की शेवटच्या 'सावधान'ला नवरानवरी सोडून दुसरे काही दाखवायचे नाही. नाना म्हणतात, "अंतरपाट पडताना चित्र हललं की गिऱ्हाईक हलतं." मी नानांना सगळे सांगितले. त्यांनी तो तुकडा एकदा चालवून पाहिला. मग म्हणाले, "पाचव्या मंगलाष्टकाला लाव. शेवटचं सोड." म्हणून पाचव्याला लावला आहे. वर आवाज भटजींचा तसाच चालू राहतो, चित्र तेवढे फाटकाचे येते. वीस सेकंद आहे. कोपऱ्यातली वेळ मी झाकली नाही. ती चुकीची आहे, पण तीही त्या दिवसाचीच आहे.

तुला तो तुकडा नको असेल तर सासरच्या प्रतीतून काढेन. जिथून काढेन तिथे काही कळणार नाही, तेवढे मला आता येते.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे.

तुझी
रत्नमाला


नरडाणा
३१ ऑक्टोबर १९९९

चि. रत्नमाला,

कॅसेट मिळाली. वैजू दिवाळीसाठी आली आहे, म्हणून काल दुपारी व्हीसीआर भाड्याने आणला. मी, वैजू, हे, आणि बोलावले नव्हते तरी तानुबाई. तुझे पत्र मी कोणाला दाखवले नव्हते.

हळद झाली, वरात झाली, वैजू स्वतःलाच बघून लाजत होती. मंगलाष्टके सुरू झाली. चार झाली. पाचव्याला भाऊ आला.

तानुबाई उठून टीव्हीजवळ गेली. "हाऊ तं हिलाल शे! आनि भटजी आजून म्हनी ऱ्हायना!" वैजू म्हणाली, "आई, मामा." ह्यांना तहान लागली. माठाकडे गेले ते तिथेच उभे राहिले.

मी म्हटले, मागे घे.

दुसऱ्यांदा मी भावाचे तोंड पाहिले नाही. टोपी पाहिली, टॉवेल पाहिला.

रत्ना, तू जूनमध्येच लिहिले होतेस, टोपी आणि लाल काठाचा टॉवेल. मी वाचले आणि पुढे गेले. ते टॉवेल मी स्वतः धुळ्याहून आणले, अकरा नग, खास पाहुण्यांसाठी. पत्र्याच्या पेटीत ठेवले. पेटीची किल्ली ह्यांच्या कडदोऱ्याला. त्या दिवशी टॉवेल-टोपी ह्यांच्या हाताशिवाय कोणाला मिळाली नाही. आणि मला हे म्हणाले होते की पंगत बसल्यावर दिली. मग पाचव्या मंगलाष्टकाला ती भावाच्या अंगावर कशी?

मी म्हटले, पुन्हा मागे घे.

तिसऱ्यांदा हे माठापासून आले आणि खाली बसले. तानुबाईला मी म्हटले, तुझ्या चुलीवर दूध आहे. म्हणाली, नाही. मी म्हटले, आहे. गेली.

मग हे बोलले. टीव्हीकडे बघतच बोलले. व्याही घाई करत होते, मुहूर्त जवळ आला होता, पॅसेंजरचा भरवसा नाही म्हणून त्यांनी चिंधाला उभा केला. चिंधा वर चढला आणि भाऊ फाटकाबाहेर दिसला. आता चिंधाला उतरवायचे कसे? म्हणून हे फाटकाबाहेर गेले, तिथेच त्याला टोपी घातली, टॉवेल टाकला, हात जोडले आणि म्हणाले, हिलालभाऊ, येवढी इज्जत ऱ्हाऊ द्या. भाऊ म्हणाला, बरं. बस्स, एवढेच बोलणे झाले.

मी विचारले, मग मला खोटे का सांगितले?

तर म्हणाले, "तुले सांगतू तं तू त्याले वर बलावती."

बोलावलेच असते. चिंधाचा हात धरून खाली उतरवला असता. हे त्यांनाही माहीत होते आणि भावालाही. दोघा पुरुषांनी मिळून मला ओळखले आणि दोघांनी मिळून मला फसवले. वैजू रडू लागली, तिला म्हटले, पुढचे बघ, पंगत आहे.

रात्री स्वयंपाक केला, वाढले. आज सकाळी हे अंघोळ करून धुतलेला सदरा घालून निघाले. कुठे ते सांगितले नाही. मी पायरीवर उभी राहून विचारले, सासरी जाणाऱ्या कॅसेटमधून तो तुकडा काढायला सांगू का? व्याही बघतील, विचारतील. रत्ना म्हणते, काढला तर कळणार नाही.

चप्पल घालता घालता थांबले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिना मामा शे तो."

तिसऱ्या प्रहरी परत आले. शिंदखेड्याला गेले होते, साडी मागायला. भावाने चहा पाजला, पण साडी दिली नाही. म्हणाला, ती मामाने आणून द्यायची असते, भाऊबीजेला मीच घेऊन येतो. निघताना फाटकाबाहेर येऊन ह्यांना म्हणाला, भागाला सांगा, वेळेवर येतो.

तुझ्यावर तो थोडा रागावला आहे असे हे म्हणतात. तू भाऊबीजेला त्याच्याबरोबर ये, म्हणजे गाडीत बोलून होईल. जीवरामलाही आण. पण कॅमेरा आणू नका.

फुई